हॅमलिन हरला की टीमने हरवलं? (NASCAR कार रेसिंगची फायनल, फिनिक्स २०२५)

शार्लटवाला:
मंडळी ती फायनल अजून डोक्यातून जात नाहीये. हॅमलिनने पोल (सगळ्यात पुढून सुरुवात) घेतली, ३१९ पैकी २०८ लॅप लीड केले, ३१२ ला रेस संपायची होती, जेमतेम तीन लॅप उरलेले, बायको तिसऱ्यांदा जेवायला हाका मारतेय आणि तेवढ्यात दुसरा एक ड्रायव्हर बायरन याचा टायर गेला, यलो (सगळ्यांनी हळू व्हायचा सिग्नल) लागला न सगळं मुसळ केरात. पिटमध्ये (टायर बदलायच्या जागी) हॅमलिनला चार नवे टायर, लार्सनला दोन. ओव्हरटाइममध्ये (यलोमुळे वाढवलेल्या लॅपमध्ये) लार्सन तिसरा, हॅमलिन सहावा, टायटलसाठीच्या चौघांत पुढे म्हणून झाला लार्सन चॅम्पियन, ज्याने त्या दिवशी एक लॅपसुद्धा लीड केला नव्हता! क्रू चीफ (टायरबियरचे निर्णय घेणारा टीमचा प्रमुख) चुकला का हॅमलिनचं नशीबच फुटकं?

पिटरोडचा_पांडू:
क्रू चीफला लगेच शिव्या नका घालू. ओव्हलवर सारखं डावीकडेच वळायचं म्हणजे सगळा भार उजव्या टायरांवर, म्हणून दोन लावायचे तर उजवीकडचेच लावतात, वेळ वाचतो आणि बऱ्यापैकी ग्रिप मिळते. चार लावले तर गाडी जास्त फास्ट पण त्याचा फायदा दिसायला लॅप हवेत, इथे होते दोन. आणि खरी गोची पुढे असणाऱ्याचीच असते, मागचे काय करणार ते त्याला कळत नाही, मागच्यांना मात्र याच्या उलटं करून जुगार खेळता येतो. लार्सनचा क्रू चीफ डॅनियल्सने तो खेळला बस.

तात्या_४८:
लार्सनला फुकट मिळाली असं बोलू नका राव. त्या दोन टायरवर रिस्टार्टला पोझिशन टिकवणं खायचं काम नाही. रडायचंच तर फॉरमॅटवर रडा, २०२५ पर्यंत फायनलला आलेल्या चौघांत जो पुढे तो चॅम्पियन, वर्षभर काय केलं ते गेलं चुलीत. हॅमलिनच्या त्या वर्षी सहा विन होत्या, लार्सनच्या तीन. २०२४ ला तर ड्रायव्हर लोगानो शार्लटच्या रोव्हल ट्रॅकवर प्लेऑफमधून बाहेरच पडला होता, मग दुसरा ड्रायव्हर बोमन याची गाडी वजनात कमी भरली, तो डिसक्वालिफाय, लोगानो आत आणि शेवटी ट्रॉफी पण त्याचीच 😂

पिटरोडचा_पांडू:
फॉरमॅटचं म्हणशील तर २०१० ला कुठे होता हा फॉरमॅट? होमस्टेडला हॅमलिन पॉइंट्समध्ये पुढे होता, सुरुवातीलाच गाडी फिरली आणि जिमी जॉन्सन घेऊन गेला. २०२५ अखेर हॅमलिनच्या ६० विन, त्यात सगळ्यात मोठी रेस डेटोना ५०० तीनदा, पण टायटल शून्य. फिनिक्सला गिब्जची (हॅमलिनच्या टीमची) गाडी रॉकेट होती, स्पीडमध्ये टीम कुठेच कमी पडली नाही.

शार्लटवाला:
२०१० काढायची काय गरज होती रे 😭 मी राहतो हंटर्सव्हिलला, गिब्जची शॉप इथेच आहे, दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना मुद्दाम लांबच्या रस्त्याने गेलो. आणि हो, जेवण पण गारच जेवलो.