वाल्कीरीजचा पहिला हंगाम: याला यश म्हणायचं की नुसती गर्दी?

रेसकोर्स_रोडकर

सुदामा नगरच्या दिवाळी मिलनात हा वाद चिवडा संपेपर्यंतच चालला आणि अर्धवट राहिला. इथे नीट मांडतो. तुटून पडा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डब्ल्यूएनबीए ही अमेरिकेतली महिलांची व्यावसायिक बास्केटबॉल लीग, १९९७ पासून चालू आहे. २०२५ मध्ये तिच्यात तेरावा संघ आला, सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन स्टेट वाल्कीरीज. जुन्या संघांनी आपापल्या सहा जणी राखून ठेवायच्या आणि उरलेल्यांतून नव्या संघाने वेचायच्या, असा नियम. म्हणजे जी कुठल्याच संघाच्या पहिल्या सहांत नाही, ती यांच्या वाट्याला. पहिला सामना लॉस एंजेलिस स्पार्क्सकडून ६७-८४ असा हरल्या. बहुतेक जाणकारांनी त्यांना आधीच तळाला टाकलं होतं. प्रत्यक्षात ४४ पैकी २३ जिंकल्या आणि पहिल्याच हंगामात प्लेऑफ (साखळीनंतरची बाद फेरी) गाठणारा लीगच्या इतिहासातला पहिला नवा संघ ठरल्या. त्यांच्या कोच नाताली नाकासे वर्षातल्या सर्वोत्तम कोच ठरल्या. प्लेऑफच्या पहिल्या फेरीत मात्र मिनेसोटा लिंक्सने २-० असं घरी पाठवलं.

माझं म्हणणं असं: चषक लास वेगास एसेसने नेला, पण हंगाम वाल्कीरीजचा होता. कारण खुर्च्या. घरच्या २२ सामन्यांत चेस सेंटर या त्यांच्या स्टेडियमची १८,०६४ तिकिटं दर वेळी संपली. बेरीज होते ३,९७,४०८. लीगमध्ये एका हंगामात एवढी माणसं कोणाकडेच आली नव्हती. आणि संघात पोस्टरवर लावण्यासारखा एक चेहरा नाही!

चषकाने संघ टिकत नाही, हे याच लीगने दाखवलंय. ह्यूस्टन कॉमेट्सने १९९७ ते २००० अशी पहिली चारही विजेतेपदं ओळीने जिंकली. २००८ मध्ये संघ बंद पडला, विकत घ्यायला कोणी पुढे आलं नाही. सॅक्रामेंटो मोनार्क्स तर वाल्कीरीजच्या शेजारचाच संघ. २००५ मध्ये विजेता, २००९ मध्ये टाळं.

आपल्या इंदुरात मुलींच्या संघाचा विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं: "आधी मेडल आणा, मग लोक येतील." मला हे उफराटं वाटतं. आधी लोक बसवा. मेडल यायचं तेव्हा येईल.

माजी_पॉइंटगार्ड

दादा, साफ नामंजूर. मी राज्य स्तरावर खेळलेय, तेव्हा जरा तिखट बोलणार.

तुम्ही ज्या एसेसना एका ओळीत उडवलंत, त्यांचा हंगाम बघा. २ ऑगस्टला लिंक्सने त्यांना त्यांच्याच घरी ५८-१११ असं धुतलं. ५३ गुणांनी! दुसरा संघ असता तर पुढच्या वर्षाची तयारी करत बसला असता. यांनी त्यानंतर साखळीतले उरलेले सगळेच्या सगळे १६ सामने जिंकले आणि फायनलमध्ये फिनिक्सला ४-० ने गुंडाळलं. त्यांची एजा विल्सन चौथ्यांदा एमव्हीपी, म्हणजे हंगामातली सर्वोत्तम खेळाडू, झाली. हंगाम म्हणतात तो याला.

वाल्कीरीजचा शेवट आठवतो का? दुसऱ्या सामन्यात लिंक्सवर भरभक्कम आघाडी होती. चौथ्या क्वार्टरमध्ये ती सांडली आणि ७४-७५ ने हरल्या. एका गुणाने. त्या रात्री स्टेडियम भरलं होतं म्हणून मुलींना झोप लागली असेल असं वाटतं तुम्हाला?

आणि तो सामना झाला कुठे? सॅन होजेला! चेस सेंटर त्या आठवड्यात टेनिसच्या लेव्हर कपला दिलेलं होतं. २२ वेळा हाउसफुल्ल करून मोठा सामना आला तर घर भाड्याने गेलेलं. मालकालासुद्धा वाटलं नव्हतं या बायका इतक्या पुढे जातील. तुमच्या खुर्च्यांची ही किंमत.

भिया_५६

अरे भिया, तुम्ही दोघं काय बोलून राहिले? गर्दी आणली केटलिन क्लार्कने. २०२४ मध्ये ती इंडियाना फीवरमध्ये आली आणि बाहेरच्या गावीसुद्धा यजमान संघ मोठ्या स्टेडियमात सामने हलवायला लागले. वाल्कीरीज आयत्या तव्यावर पोळी भाजून मोकळे.

आता फीवरचं २०२५ बघा. दुखापतींमुळे क्लार्क फक्त १३ सामने खेळली. एकेक करून पाच जणी हंगामातून बाद. तात्पुरत्या करारावर खेळाडू आणून संघ उभा केला. तरी २४-२० आणि जुलैत कमिशनर्स कपही (हंगामातलीच वेगळी स्पर्धा) जिंकला. सेमीफायनलला एसेसला पाचव्या सामन्यात ओव्हरटाइमपर्यंत ओढलं, ९८-१०७ ने हरल्या. त्याच सामन्यात केल्सी मिचेल, सगळ्या हंगामाचा भार वाहिलेली पोरगी, पाय काम देईनात म्हणून बाहेर गेली. हंगाम हा होता. तुमच्या वाल्कीरीजचा सामना आपल्याकडे सकाळी साडेसातला लागतो, पोहे खाता खाता दिसतो, म्हणून तुम्हाला आवडतो. फीवरसाठी पहाटे साडेचारला उठावं लागतं. आमची भक्ती मोठी.

रेसकोर्स_रोडकर

@भिया_५६, पोह्यांचा मुद्दा मान्य, जिलेबीसकट. पण क्लार्कने लोकांना टीव्हीसमोर आणलं म्हणून सॅन फ्रान्सिस्कोतला माणूस २२ वेळा तिकीट काढतो का? फीवरचा सामना असेल त्या रात्री काढेल. हे लोक दर वेळी आले.

@माजी_पॉइंटगार्ड, ताई, लेव्हर कपचं बोललात ते बरोबरच आहे. पण सॅन होजेचं स्टेडियमही त्या रात्री भरलं होतं, हे सोडलंत.

लोकमान्यनगरची_काकू

मला तुमच्या एजा-बीजा ठाऊक नाहीत. मुलगी खेळते म्हणून धागा वाचला.

माझी लेक अकरावीत आहे. उंच आहे, हात चांगला आहे, सर म्हणतात पुढे जाईल. घरात रोज एकच वाद: भंवरकुआंचा क्लास की कोर्ट? तिच्या बाबांना मी काय सांगू, की अमेरिकेत १८ हजार माणसं टाळ्या वाजवतात?

आपल्या देशात या खेळात मुलीचं पोट भरतं ते रेल्वेमुळे. राष्ट्रीय स्पर्धेत बायकांमध्ये वर्षानुवर्षे रेल्वेचाच दबदबा आहे, कारण चांगल्या मुली नोकरीसाठी तिथे जातात. पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली, तीही रेल्वेचीच. मला १८ हजार खुर्च्या नकोत. शिक्का मारलेलं एक नेमणूकपत्र हवं. तुम्ही याला लीग म्हणा नाहीतर नका म्हणू.

माजी_पॉइंटगार्ड

काकू, शंभर टक्के. आणि दादांना अजून एक. खुर्च्या भरून मुलींना काय मिळालं? २०२५ मध्ये लीगचा किमान पगार वर्षाला ६६,०७९ डॉलर होता आणि जास्तीत जास्त अडीच लाखांच्या आत. त्यांच्याच पुरुषांच्या लीगमध्ये बाकावरचा मुलगासुद्धा दहा लाखांच्या वर घेतो. जुलैत इंडियानापोलिसला ऑल-स्टार सामन्याआधी सगळ्या जणी काळे टी-शर्ट घालून उतरल्या होत्या, छातीवर मजकूर: आमचं देणं आहे ते द्या. त्यांत वाल्कीरीजची केला थॉर्नटनही होती. पुढच्याच आठवड्यात सरावात गुडघा गेला आणि तिचा हंगाम संपला. स्टेडियम तिच्यानंतरही भरतच राहिलं.

रेसकोर्स_रोडकर

ताई, ते टी-शर्ट घालायची हिंमत कुठून आली? रिकाम्या स्टेडियमात "आमचं देणं द्या" म्हटलं असतं तर मालकाने हिशेबाची वही दाखवली असती. लीगने ११ वर्षांसाठी २.२ अब्ज डॉलरचा प्रसारण करार केलाय, तो २०२६ पासून लागू. गिऱ्हाईक दिसल्याशिवाय टीव्हीवाला पाकीट उघडत नाही.

काकू, नेमणूकपत्राला माझा विरोध नाही. पण रेल्वे किती जणींना घेणार? तुमच्या मुलीच्या बॅचमधल्या उरलेल्या अकरा जणींचं काय?

लोकमान्यनगरची_काकू

उरलेल्या अकरांच्या आयांना विचारा. मी एकीची आई आहे.

शिट्टी_आणि_स्टॉपवॉच

मी मुलींना शिकवतो, शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर. तुम्ही खुर्च्या, चषक आणि नोकरीवर भांडताय. वाल्कीरीजच्या हंगामात मला दिसली ती वेरोनिका बर्टन.

ही मुलगी २०२४ मध्ये डॅलसने सोडली. कनेटिकटने घेतली, पण बाकावरच जास्त. वाल्कीरीजने तिच्या हातात चेंडू दिला आणि काढून घेतला नाही. दोन शॉट चुकले तरी ती कोर्टवरच. सरासरी ११.९ गुण, ६ असिस्ट (बास्केट करून देणारे पास), आणि वर्षातली सर्वाधिक सुधारलेली खेळाडू. वयाच्या पंचविशीत एकाएकी हाताला जादू लागत नसते. तिला मिनिटं मिळाली. बाकी संघाचं शूटिंग काही धड नव्हतं, पण समोरच्याला कमीत कमी गुण देणाऱ्या संघांत त्या होत्या, आणि डिफेन्स हे एकत्र राहून, रोज तेच तेच करूनच जमतं.

आमच्याकडे मुलीला वर्षात खरे सामने किती मिळतात? शाळेचा एक, विभागाचे दोन-तीन, पहिल्या फेरीत हरली की घरी. गेल्या स्पर्धेत शॉट क्लॉक (२४ सेकंदांत शॉट घ्यायचा, ते मोजणारं घड्याळ) नव्हतं. टेबलावरचे काका स्टॉपवॉच बघून "आठ, सात, सहा" असं ओरडत होते. मध्येच त्यांना फोन आला आणि त्या बारक्या पोरीने चेंडू हातात धरून चाळीसेक सेकंद काढले. कोणी शिट्टीही वाजवली नाही. (मी कोच होतो, मला कसली वाजवता येते!) तीच मुलगी पुढच्या वर्षी राज्याच्या निवडीला गेली तर खऱ्या २४ सेकंदांत गोंधळणार, आणि आपण म्हणणार, टेम्परामेंट नाही.

आणि वाल्कीरीजला फार डोक्यावर घेऊ नका. ज्युली व्हॅनलू जूनमध्ये बेल्जियमकडून युरोबास्केट खेळायला गेली, सुवर्ण जिंकून परत आली आणि यांनी लगेच तिला काढून टाकलं. व्यावसायिक म्हणजे हेही आलं. काकूंच्या रेल्वेत असं होत नाही.

किल्ल्याखालचा_ग्वाल्हेरकर

आमच्याकडे राज्याची महिला हॉकी अकादमी २००६ पासून आहे. राहणं, खाणं, शाळा, कोच, टर्फ सगळं सरकारी. तिथून मुली भारतासाठी खेळल्या. एक तिकीट विकलं नव्हतं कोणी. इंदूरवाल्यांना प्रत्येक गोष्टीत दुकान दिसतं.

भिया_५६

ग्वाल्हेरकर, आमच्याकडे ५६ दुकान आहे, दिसणारच.

माजी_पॉइंटगार्ड

ग्वाल्हेरकरांचं बरोबर आहे. भिलाईचंही उदाहरण घ्या. छत्तीसगड वेगळं व्हायच्या आधी ती आपल्याच राज्यातली माणसं. दिवंगत राजेश पटेल सरांनी मुलींना अक्षरशः घरात ठेवून घडवलं, पाठीशी पोलाद कारखाना होता. राष्ट्रीय स्पर्धांत छत्तीसगडच्या मुलींचं नाव निघालं की बाकीचे ड्रॉ बघून कपाळाला हात लावायचे. प्रेक्षक? कोर्टच्या कडेला पाच-पन्नास, त्यातले निम्मे प्रतिस्पर्धी संघ. आधी दर्जा. लोक नंतर.

रेसकोर्स_रोडकर

पटेल सरांपुढे हात जोडतो. पण तुमच्या वाक्यातच माझा मुद्दा आहे: एक माणूस आणि एक कारखाना. माणूस गेला की काय? गीतू अ‍ॅना जोस आठवते ना? ऑस्ट्रेलियात व्यावसायिक खेळली, २०११ मध्ये डब्ल्यूएनबीएच्या संघांनी चाचणीला बोलावलं. त्या तोडीची मुलगी, आणि तिला इथे घरच्या प्रेक्षकांसमोर खेळायला लीग नव्हती. दर्जा होता की!

आणि इंदूरचा माणूस बायकांचा खेळ बघत नाही असं म्हणू नका. १९ ऑक्टोबरला होळकर स्टेडियमवर महिला क्रिकेट विश्वचषकात भारत-इंग्लंड झाला. २८९ चा पाठलाग, स्मृती मानधना ८८ वर बाद, चार धावांनी हरलो. माझ्या पुढच्या रांगेतले आजोबा शेवटच्या ओव्हरला उभे होते, त्यांच्या सूनबाई सदरा ओढून बसवत होत्या. पुढे नवी मुंबईत फायनल जिंकली तेव्हा राजवाड्यावर झेंडे घेऊन नाचणारे हेच लोक. रेसकोर्स रोडवर बास्केटबॉल कॉम्प्लेक्स उभं आहे, त्याच रस्त्यावर अभय प्रशालही आहे. जागा आहे, लोक आहेत. शहरातल्या सहा शाळा-क्लबांच्या मुली, आठवड्याला एक सामना, तीन महिने, वीस रुपये तिकीट. सरांना हवी ती मिनिटंही यातच आली.

माजी_पॉइंटगार्ड

क्रिकेट मध्ये आणू नका. त्या मुलींना बोर्डाचा करार आहे, मॅच फी आहे. लोक वीस रुपये देऊन दोन वेळा येतील, फोटो काढतील, तिसऱ्या आठवड्याला आईवडील आणि तुम्ही. पोरींना रिकाम्या बाकांसमोर खेळवणं हे न खेळवण्यापेक्षा वाईट असतं, मी भोगलंय ते.

शिट्टी_आणि_स्टॉपवॉच

आईवडील आले तरी चालेल मला. पण दोन अट्टल रेफरी लागतील, आणि ते वीस रुपयांत येत नाहीत. शॉट क्लॉकचं कोण बघणार?

रेसकोर्स_रोडकर

क्लॉकची वर्गणी मी सुरू करतो. संध्याकाळी सातला ठेवू, ऑफिसवाले येऊ शकतील.

लोकमान्यनगरची_काकू

सातला नको. भंवरकुआंची बॅच साडेसातला असते आणि मी तिला ती बुडवू देणार नाही. रविवारी सकाळी ठेवा. आणि माझं मत आहे तेच आहे, रेल्वेचा फॉर्म निघाला की मी पहिली रांगेत.