'वेध': घ्यायचे, पाळायचे की लागायचे?

२६ डिसेंबर २०१९ ला सकाळी सूर्यग्रहण होतं. दक्षिणेत कंकणाकृती, आपल्याकडे कोकणात खंडग्रास. मी देवगड तालुक्यातल्या एका शाळेत शिकवते. मध्ये नाताळची सुटी होती, म्हणून २४ तारखेलाच फळ्यावर लिहून टाकलं : 'गुरुवारी सकाळी साडेआठला ग्रहणाचा वेध घेण्यासाठी मैदानावर जमावे.' संध्याकाळी वाडीतले भटजीकाका वाटेत भेटले. नातवाने घरी जाऊन सूचना सांगितली होती. रागावले नव्हते, पण थांबून म्हणाले, "बाई, शब्द चुकलात. ग्रहणाचे वेध बुधवारी रात्री आठच्या सुमारास लागतात. वेध पाळायचे असतात, घ्यायचे नसतात."

मी म्हटलं, "मग वेधशाळेत काय करतात, काका?"

"तो वेध निराळा, हा निराळा."

तेव्हापासून हा शब्द डोक्यात आहे. खरंच दोन निराळे शब्द आहेत का? मूळ संस्कृत 'व्यध्', म्हणजे भोसकणे, आरपार जाणे. त्यावरून कान टोचायचा तो कर्णवेध, मन वेधून घेणं, विधानसभेतली लक्षवेधी. नजर नेमकी ताऱ्यावर रोवायची तो वेध, आणि जिथे रोवायची ती वेधशाळा. इथवर कळतं. पण ग्रहणाच्या आधीचा, अन्नपाणी वर्ज्य असलेला काळ 'वेध' कसा झाला? सूर्यग्रहणाला चार प्रहर, चंद्रग्रहणाला तीन. लहान मुलं, म्हातारी माणसं, आजारी यांना सूट. तिसरं म्हणजे 'गणपतीचे वेध लागले', जे आपल्या चाकरमान्यांना श्रावणातच लागतात. हे कुठून आलं? जाणकारांनी सांगावं.

अष्टागरकर : ताई, दुव्याची जागा एकादशीत आहे. दशमी जर एकादशीच्या वेळेत शिरली असेल, तर त्या एकादशीला 'दशमीविद्धा' म्हणतात, आणि म्हणून भागवत एकादशी दुसऱ्या दिवशी. विद्धा म्हणजे वेधलेली. एका काळाने दुसऱ्या काळात टोक खुपसलं, असा अर्थ. ग्रहणाचं तसंच. ग्रहण लागायचंय, पण त्याचं टोक आधीच्या प्रहरांत शिरलेलं आहे. गणपतीचे वेध लागतात तेही असंच, भाद्रपद श्रावणात शिरतो. म्हणजे शब्द एकच. एका ठिकाणी टोचणारा माणूस, दुसऱ्या ठिकाणी टोचणारा काळ.

आणखी एक. आमच्या अलिबागच्या वेधशाळेतून ताऱ्यांकडे कोणी बघतच नाही. ती चुंबकीय वेधशाळा. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून तिथल्या कुलाबा वेधशाळेच्या नोंदी बिघडायला नकोत, यासाठी वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस यांच्या काळात १९०४ मध्ये ती इकडे आली. इमारत अशा दगडाची, की चुंबकसुईवर परिणाम होऊ नये. डोळ्याला न दिसणाऱ्या गोष्टीचाही वेध घेता येतो, हे त्या शब्दाने आमच्याच गावात शिकवलं.

मालवणकर : आमच्या आजयेच्या तोंडात 'ग्रहण' नाय, 'गिराण'. "वेध लागले, आता चूल पेटवूची नाय," असा ती म्हणा. दूध-पाण्यार तुळशीचा पान. गिराण सुटला काय आंघोळ, आणि रस्त्यार आरडत जाणारे, 'दे दान, सुटे गिराण'. लहानपणी माका वाटायचा, वेध म्हणजे कुलूप.

सह्याद्रीपायथा : शब्दाच्या व्युत्पत्तीत धर्म आणि विज्ञानाचं भांडण आणू नये असं माझं मत. ते भांडण पाश्चात्त्य देशांतलं. गॅलिलिओला पाखंडाच्या संशयावरून दोषी ठरवलं तिकडच्या धर्मपीठाने. आपल्याकडे पंचांग करणारा तोच ज्योतिषी आणि तोच धर्मशास्त्री.

मूळ लेखिका : अष्टागरकर दादा, 'विद्धा' एकदम पटलं. मनापासून आभार. कुलुपावर पुढे येते.

सह्याद्रीपायथा, तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्यामुळेच बाकीचं अर्धं झाकलं जातं. आधी तुमच्या 'पाखंड' शब्दाचं बघू. अशोकाच्या शिलालेखांत 'पासंड' म्हणजे नुसता पंथ. सगळ्या पासंडांचा मान राखावा असं तो राजा सांगतो. त्याच्या लेखांचे तुकडे आपल्याच किनाऱ्यावर, सोपाऱ्याला सापडले आहेत. पुढे तोच शब्द शिवी झाला. 'दुसरा पंथ' या अर्थाचा 'खोटा पंथ' कसा होतो, ते या एका शब्दात दिसतं.

आता गॅलिलिओ. १६१६ साली रोमने जे बजावलं ते नीट पाहा. पृथ्वी फिरते असं धरून गणित करायला मुभा होती. ती खरोखर फिरते असं म्हणायला बंदी. १६३३ मध्ये त्याला शिक्षा झाली ती त्या 'खरोखर'साठी. १६४२ मध्ये तो वारला तोवर नजरकैदेतच होता, आणि चर्चने चुकलं असं म्हणायला १९९२ उजाडलं.

आता इकडे या. आर्यभटाने ४९९ साली ग्रहणाचं कारण म्हणून चंद्राची आणि पृथ्वीची सावली सांगितली. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली ग्रहणाचं गणित केलं ते सावलीच्याच मापांनी, आणि त्याच ग्रंथात राहू नाकारणाऱ्यांना श्रुतिस्मृतींच्या विरुद्ध जाता म्हणून फटकारलं. अकराव्या शतकात भारतावर लिहिणाऱ्या अल्-बिरूनी या विद्वानाच्या हे लक्षात आलं आणि त्याला ते खटकलं. रोममध्ये जे झालं त्याचीच ही बिनकैदेची आवृत्ती. गणित करा, त्याचा अर्थ सांगू नका. आपल्याकडे कोणाला कोंडलं नाही, हा फरक मी लहान मानत नाही. पण म्हणून भांडणच नव्हतं असं नाही.

आणि ते आपल्या दारात येऊन गेलेलं आहे. पंचांगाचा वाद आठवा. त्यातली मोठी माणसं बघता बघता कोकणपट्टीवर ओळीने उभी राहतात. मुरुड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावचे केशव दैवज्ञ. स्वतः वेध घेऊन जुन्या गणितातल्या ग्रहांची चूक त्यांनी दाखवली. त्यांचा मुलगा गणेश दैवज्ञ, १५२० चा 'ग्रहलाघव' हा पंचांगाच्या गणिताचा ग्रंथ त्याचा. मग अलिबागजवळच्या नागावचे केरूनाना छत्रे, ज्यांनी १८६५ पासून नव्या गणिताचं पटवर्धनी पंचांग चालू केलं. मग शंकर बाळकृष्ण दीक्षित, दापोलीकडच्या मुरुडचे (जंजिऱ्याचं मुरुड वेगळं, ही गल्लत नेहमी होते), आणि रत्नागिरीत जन्मलेले टिळक.

वाद काय होता? तिथी साधारण साठ घटींची (घटी म्हणजे चोवीस मिनिटं). जुनं वचन 'बाणवृद्धी रसक्षय'. बाण म्हणजे पाच, रस म्हणजे सहा. तिथी फार वाढली तर पाच घटींनी, घटली तर सहा घटींनी. दुर्बिणीतल्या चंद्राची तिथी सात घटींपर्यंत वाढते आणि दहापर्यंत घटते. म्हणजे सगळ्यात मोठी तिथी पावणेसत्तावीस तासांची, सगळ्यात लहान वीस तासांची. यावर पुष्कळ विद्वान म्हणाले, ग्रहणापुरतं नवं गणित घ्या, कारण ते लोकांना आकाशात दिसतं. व्रतांना जुनंच ठेवा. दिसेल तिथे खरं, न दिसेल तिथे वचन! छत्रे, दीक्षित, टिळक हे सगळे 'दृक्प्रत्यय' या एका शब्दाला धरून बसले. डोळ्याला पटलं पाहिजे. मला हा मराठीतला फार मोठ्या अब्रूचा शब्द वाटतो आणि तो आपण हरवलाय याचं वाईट वाटतं.

ग्रहलाघवाचं तर मनाला लागतं. वेध घेणाऱ्या बापाच्या मुलाने, जुनं गणित आकाशाशी जुळेना म्हणून ग्रंथ केला. पुढे तीनशेच्या वर वर्षं लोकांनी तोच ग्रंथ पाळला आणि वेध घ्यायचं सोडलं.

अष्टागरकर : तिथीचं बोललात म्हणून सांगतो. आमच्याकडे कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जातात. भरती कधी भरणार याचा हिशोब कोळी बोटांवर करतात. तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहाला, आणि तेव्हा भांग, पाण्याला जोर नाही. पुनवेला, अवसेला बाराच्या सुमारास, उधाणाची. तिथी एखाद्या घटीने चुकली तर कळणार नाही, पण पुरता दिवस चुकला तर पाणी कमरेला लागतं. दर्या वचन ऐकत नाही.

विजयदुर्गवासी : बाई, तुम्ही आमच्याच तालुक्यातल्या आणि विजयदुर्ग विसरलात? १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने आमच्या किल्ल्यावरून हेलियम शोधला. त्याच्या दुर्बिणींसाठी बांधलेले 'साहेबाचे ओटे' अजून आहेत.

मूळ लेखिका : दादा, विसरले नाही. मुलांना दर वर्षी नेते तिथे. पण ज्या धाग्यात दृक्प्रत्ययाची बाजू घेतली, तिथे हे सांगायलाच हवं. १८६८ ची सावली कोकणावरून गेली हे खरं. त्या दिवशी गुंटूरला जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. लॉकियर तेव्हा इंग्लंडात होता. तिथूनच, ग्रहण नसताना, २० ऑक्टोबर १८६८ ला त्याने वर्णपटातली हेलियमची ती पिवळी रेषा पाहिली. हेलियम पृथ्वीवर हाती लागला तो १८९५ मध्ये रॅम्सेला. लॉकियर विजयदुर्गाला आला तो २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी.

यात आपल्या किल्ल्याचं काही कमी होत नाही. ज्याने ती रेषा ओळखली तो माणूस पुढे दुर्बिणी घेऊन आपल्या तटावर उभा राहिला, हेच केवढं आहे. पण आदराने सांगितलेली गोष्ट तपासायची नाही, हे मुलांनी शास्त्रज्ञांच्या बाबतीतही शिकू नये असं मला फार वाटतं.

विजयदुर्गवासी : वाईट वाटलं, पण तारखा बघितल्या. १८९८ बरोबर आहे. गावच्या ग्रुपवर टाकतो.

घाटावरची सून : सगळं खरं, पण एक विचारते. माझ्या सासूबाई वेध पाळतात, मीही पाळते. एक वेळ जेवलं नाही तर कुणाचं काय बिघडतं? प्रत्येक गोष्टीचा वाद का करायचा?

मूळ लेखिका : ताई, एक वेळच्या उपासाने काही बिघडत नाही, आणि तुमच्या घरातलं तुम्ही ठरवायचं. मला धास्ती आहे ती मालवणकर दादांच्या कुलुपाची. त्याच २६ डिसेंबरची घरची गोष्ट सांगते.

माझी वहिनी तेव्हा सातव्या महिन्यात होती. तिला माजघरात बसवलेलं. बाहेर बघायचं नाही, विळीला हात लावायचा नाही, सुई धरायची नाही. आठला स्पर्श झाला. मी शाळेत निघाले होते, तेवढ्यात तिची हाक आली. धावत गेले. आमचं घर कौलारू, माजघरावर दोनतीन कौलं सरकलेली. त्या फटींतून रोज सकाळी पश्चिमेच्या भिंतीवर कवडसे पडतात, गोल, पावलीएवढे. त्या दिवशी एकेका कवडशाच्या कडेला चावा घेतल्यासारखी खाच पडली होती. फटी वेड्यावाकड्या, तरी प्रत्येक कवडसा तस्साच, कारण कवडसा म्हणजे फटीचा आकार नाही, सूर्याचं चित्र आहे. ज्याच्यापासून तिला लपवलं होतं ते ग्रहण कौलांतून तिच्याजवळ येऊन बसलं होतं. ती घाबरली नव्हती. पोटावर हात ठेवून बघत होती. पुढे त्यांच्या कोरी झाल्या, असं तिनेच दुपारी सांगितलं.

शाळेत मी मुलांना झापांच्या मांडवाखाली तेच दाखवलं. जमिनीवर शेकडो कोरी. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघू नका, हे मी त्यांना दहा वेळा सांगितलं, आणि इथेही सांगते. तो नियम मी कडक पाळते. त्याचं कारण मुलांना सांगता येतं, म्हणून तो कुलूप वाटत नाही.

घरी काय झालं ते वहिनीने सांगितलं. आजी आत आली, तिने भिंत पाहिली. काही बोलली नाही. वहिनीशेजारी पाट घेऊन बसली आणि दोघी तासभर भिंतीकडे बघत होत्या. साडेनवाच्या पुढे कोरी भरायला लागल्या तेव्हा आजी म्हणाली, "सुटाक लागला." मोक्षाची, म्हणजे ग्रहण पुरतं सुटायची वेळ पंचांगात अकराच्या जवळपासची होती. पंचांग कोनाड्यात होतं. तिने ते काढलं नाही. भिंतीवरचा शेवटचा कवडसा गोल झाला, तेव्हा उठून चुलीवर आंघोळीचं पाणी ठेवलं.

वेध पाळणाऱ्या माझ्या आजीने त्या दिवशी वेध घेतला. दोन्ही क्रियापदं एकाच माणसाला लागू पडली. भटजीकाकांना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "कोरीची टोकं कुठल्या बाजूला होती?" मला सांगता आलं नाही, मी नीट पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, "मग घेतलात काय वेध?" बोलणं लागलं, पण बरोबर होतं.

मालवणकर : वहिनीचा बाळ?

मूळ लेखिका : मुलगी. आता पहिलीतून दुसरीत. कवडशांना ती 'उनाची पावली' म्हणते.

आपल्याला दिसेल असं पुढचं सूर्यग्रहण २ ऑगस्ट २०२७, सोमवारी, दुपार कलल्यावर, आपल्याकडे खंडग्रास. आषाढाची अवस, ढग असणारच. सूचना याही वेळी फळ्यावर लिहीन. तुम्ही सगळ्यांनी सांगितल्यावर मजकूर असा ठरवला आहे : 'ग्रहणाचा वेध घेण्यासाठी जमावे. वेध पाळणाऱ्यांनीही यावे. कवडशाच्या कोरीची टोकं कोणत्या बाजूला आहेत ते दर दहा मिनिटांनी वहीत काढावे.' शेवटच्या ओळीत 'टोकं' लिहू की 'शिंगं'? चंद्राच्या कोरीला आपल्याकडे शिंगं म्हणतात ना?

अष्टागरकर : शृंग. पंचांगात 'शृंगोन्नती' असते, कोणतं शिंग वर ते सांगणारी. शिंगंच लिहा.