बाबांना रोहित (फ्लेमिंगो) दाखवायचेत, मुंबईत कुठे आणि कधी?

काटेपूर्णाकाठ (अकोला):
माघी पौर्णिमेच्या सुमारास बाबांना घेऊन मुलुंडला ताईकडे येतोय. बाबा निवृत्त शिक्षक, हिवाळाभर काटेपूर्णा धरणावर दुर्बीण घेऊन असतात. बदकं, चक्रवाक पोटभर बघून झालेत, पण रोहित एकदाही नाही. गेटवे, चौपाटी काही नको म्हणतात. गुडघे दुखतात, त्यामुळे चढ जमणार नाही. सगळे शिवडी सांगतात. जावं का?

खाडीकाठचा (ऐरोली):
दादा, तुम्ही नकळत उत्तम मुहूर्त धरलाय. आमच्याकडे पाखरं तिथीवर चालतात. तिथीला पाऊण तासाने गुणलं की मुंबईची भरतीची वेळ निघते, थोडी पुढेमागे. पौर्णिमेला पंधरा गुणिले पाऊण, म्हणजे सव्वाअकरा. त्यातून उधाणाची भरती, म्हणजे ठाणे खाडीतला चिखल पार बुडतो. ओहोटीला रोहित खाडीच्या मधोमध चरत असतात, तेव्हा काठावरून नुसती गुलाबी रेघ दिसते. पाणी चढलं की त्यांना उभं राहायला जागा उरत नाही आणि थवेच्या थवे आतल्या पाणथळींवर येतात. म्हणून त्या दिवशी साडेनऊलाच नवी मुंबईत सीवूड्सला टी. एस. चाणक्य या नौकानयन प्रशिक्षण संस्थेजवळच्या पाणथळीवर पोचा. वाट सपाट आहे. बाबांसाठी घडीची खुर्ची न्या आणि भरती उतरेपर्यंत हलू नका. शेकाट्या, टिवळे, तुतारी असे चिखलात चरणारे पक्षी सगळे तिथेच गर्दी करतात.

ऐरोलीच्या वनखात्याच्या केंद्रातून बोटही सुटते. तिची वेळ भरतीप्रमाणे रोज बदलते, आधी विचारून घ्या. ठाणे खाडीला २०१५ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, नाव लागलं. पण भरतीला थवे जिथे टेकतात त्या नवी मुंबईतल्या पाणथळी वेगळ्या. भरतीचं पाणी आत यायच्या वाटा बुजल्या की त्या सुकतात, आणि मग नुसती खाडी राखून रोहित राहणार नाहीत. बाबांना हे नक्की सांगा.

शिवडी दुपारनंतर करा. किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे, ऊन पाठीवर येतं, रंग छान उठतात. आता अटल सेतू तिथूनच निघतो, पूर्वीची शांतता नाही.

रानवाट (पनवेल):
एक सकाळ कर्नाळ्याला द्या. जेमतेम १२ चौरस किलोमीटरचं अभयारण्य, मुंबई-गोवा महामार्गालगत. किल्ल्याकडे वळू नका, खालच्या झाडीतच रेंगाळा. भृंगराज, स्वर्गीय नर्तक हे पक्षी भेटतील. नशीब असेल तर कर्णा, लाल पोटाचा नर. तिबोटी खंड्या मात्र पावसाळ्यातच येतो. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा.

काटेपूर्णाकाठ:
बाबांनी पंचांग काढलंसुद्धा! विचारतायत, छोटा आणि मोठा रोहित लांबून कसे ओळखायचे?

खाडीकाठचा:
चोच बघा. मोठ्याची गुलाबी, फक्त टोक काळं. छोट्याची गर्द लाल, लांबून काळीच वाटते. मोठा उंच आणि पांढुरका, छोटा बुटका आणि जास्त गुलाबी. आमच्या खाडीत छोटेच जास्त. आणि एक विनंती. थवा उडताना फोटो मिळावा म्हणून टाळ्या वाजवणारे, दगड मारणारे भेटतात. भरतीच्या त्या दोन-तीन तासांतच पाखरांना विसावा मिळतो. बाबांनी त्यांना दोन शब्द सांगावेत, शिक्षकांचं लोक ऐकतात.