मंगेश : 'मंगल करणारा' की 'मां गिरीश'?

प्रश्न : भाच्याचं बारसं आहे. नाव मंगेश ठरलंय, आजोबांचंच. आमंत्रणावर अर्थही छापायचा आहे. नावांच्या पुस्तकात 'मंगल करणारा ईश्वर' असं दिलंय, पण फोंड्याचे आमचे भटजी नाक मुरडतात. खरं काय?

— भटजींचं बरोबर आहे. मंगल अधिक ईश म्हणजे मंगलेश. मधला 'ल' कुठे जाईल? मंगलेश हे वेगळं, जुनं नाव आहे. बदामीच्या चालुक्यांत त्या नावाचा राजा होऊन गेला. रेवतीद्वीप, म्हणजे गोव्याच्या सीमेपलीकडचं रेडी, जिंकणारा तोच.

आपला मंगेश येतो मांगिरीशवरून. कथा बहुतेकांना ठाऊक असेल. सारीपाटात हरून शंकर कैलास सोडून गोमंतकात आला, मागोमाग पार्वती. गंमत म्हणून त्याने वाघाचं रूप घेतलं, ती घाबरून ओरडली, 'त्राहि मां गिरीश'. म्हणजे 'गिरीशा, मला वाचव'. त्या हाकेतलं 'मां गिरीश' देवाला चिकटलं. देवाच्या नावाच्या पोटात भक्ताचं 'मला' शिरलेलं असं दुसरं नाव माझ्या तरी पाहण्यात नाही. आता, अशा कथा बहुधा नाव आधी आणि गोष्ट मागून अशाच जमतात. पण रूपाचा प्रवास पटण्याजोगा आहे. सह्याद्रिखंडात, म्हणजे स्कंदपुराणाचा भाग मानल्या जाणाऱ्या ग्रंथात, 'मांगीश' असं आटोपशीर रूप येतं. त्याचा मंगेश व्हायला गणेश, महेश, सुरेश ही शेजारची नावं पुरेशी आहेत. कानाला 'एश'ची सवय झाली की 'ईश' टिकत नाही.

— आणि नागेश?

— तो सरळ आहे, नाग अधिक ईश. बांदिवड्याचा देव.

— मी वेगळंच ऐकलं होतं. सारस्वत त्रिहोत्रातून आले, तिथलं मुंगेर, म्हणून मुंगेरचा ईश तो मंगेश.

— हे मलाही कोणी कोणी सांगितलंय. सह्याद्रिखंडात त्रिहोत्र आहे खरं, आणि ते म्हणजे उत्तर बिहारातलं तिरहुत असं मानतात. पण तिरहुत गंगेच्या उत्तरेला, मुंगेर दक्षिण तीरावर. शिवाय बंगाल-बिहारच्या पाल राजांच्या ताम्रपटात मुंगेरचं नाव 'मुद्गगिरि' असं येतं. त्या 'मु'चा आपल्याकडे 'मां' कसा झाला, हे कोणी सांगत नाही. नुसत्या उच्चारसाम्यावर एवढा लांबचा प्रवास मला झेपत नाही.

नाव मुळात ह्याच मातीतल्या देवाचं, एवढं धरून चाला. देव आधी कुशस्थळीचा, आजचं कुठ्ठाळी. पोर्तुगिजांच्या धाकाने 1560 मध्ये जुवारी नदी ओलांडून तो प्रियोळात आला. अंत्रूज महाल, म्हणजे हा फोंड्याचा परिसर, तेव्हा पोर्तुगिजांच्या हाती नव्हता, 1763 पर्यंत नव्हता. नव्या जागेला देवावरून मंगेशी म्हणू लागले आणि तिथून मंगेशकर हे आडनाव. दीनानाथांनी ते घेतलं तेही गावावरूनच. बोलताना मात्र घोळ होतो : 'मंगेशीला नारळ ठेवला' म्हणजे गावात, देवाला नव्हे. देव मंगेश.

— 'गिरीश' की 'गिरिश'? छापताना घोटाळा नको.

— दोन्ही शुद्ध, पण वेगळे. गिरीश म्हणजे पर्वताचा स्वामी. गिरिश म्हणजे पर्वतावर राहणारा. यजुर्वेदातल्या रुद्राध्यायात ऱ्हस्व आहे, कालिदासाच्या कुमारसंभवातही. मांगिरीश लिहिताना दीर्घच ठेवा.

आमंत्रणावर 'मंगेश : मंगेशीचा देव, शंकर' एवढं छापा. 'मंगल करणारा' काढून टाका. आणि आजोबांचं नाव म्हणून ठेवतोय हेही एका ओळीत घाला. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव जातंच, पण बाहेरच्या पाहुण्यांना ते सांगावं लागतं.