केसरबाईंच्या आधी वाजणारे ते चिनी वाद्य, आणि त्याचे गुरू

प्रश्न : तारषड्ज (कोल्हापूर)

सर्वांना नमस्कार. १९७७ साली अंतराळात गेलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली जी तबकडी आहे, तिच्यावर केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे, हे येथे बहुतेकांना ठाऊक असेल. कोल्हापुरात तर केसरबाईंचे नाव निघाले की त्यांचे गुरू अल्लादियाखाँसाहेब आणि त्यांच्या मागोमाग शाहू महाराजांचा दरबार, असे बोलणे ओघाने येतेच. परवा ती तबकडी प्रथमच क्रमाने ऐकली आणि केसरबाईंच्या लगेच आधी साडेसात मिनिटांहून किंचित अधिक वाजणाऱ्या चिनी तंतुवाद्यापाशीच अडकून पडलो. मी बारा वर्षे सतार शिकत असल्यामुळे मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत जाणे, हाताला कळते. परंतु येथे सूर विरून गेल्यावरही बोट तारेवरून सरकत असल्याची खरखर ऐकू येते, आणि वादकाने ती लपवलेली नाही. हे वादक कोण? त्यांच्याकडे आपल्यासारखी घराणी असतात का? विद्या कागदावर उतरवतात, की ती गुरुमुखातूनच घ्यावी लागते?

उत्तर १ : सारंगीवेडा (मिरज)

ते वाद्य म्हणजे गुछिन, आणि वादक ग्वान पिंगहू (१८९७–१९६७). रचनेच्या नावाचा अर्थ ‘वाहते पाणी’ असा आहे. गुछिनला सात तारा असतात, पडदे नसतात, आणि स्वरस्थाने दाखवण्यासाठी लाकडावर तेरा टिकल्या बसवलेल्या असतात. पूर्वी या तारा पीळ दिलेल्या रेशमाच्या असत, आणि आपण ऐकलेली खरखर ही रेशमावरून सरकणाऱ्या बोटाची आहे.

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मात्र जरा विस्ताराने द्यावे लागेल. गुछिनच्या लिपीत स्वरांची नावे नसतातच. कोणत्या हाताचे कोणते बोट, कोणती तार, कितव्या टिकलीपाशी, आघात आतल्या दिशेने की बाहेरच्या, बोट पुढे कोठवर सरकवायचे, हे सारे चिनी अक्षरांचे तुकडे जोडून एकाच चिन्हात सांगितलेले असते. परंतु तो स्वर किती वेळ धरायचा, हे लिहिलेले नसते. म्हणजे आपल्या भातखंडे स्वरलेखन पद्धतीच्या जवळजवळ उलट प्रकार झाला, कारण आपल्या वहीत मात्रा बिनचूक सापडतात आणि मींडीची नेमकी चाल गुरूंच्या हातावर पाहावी लागते, तर त्यांच्या वहीत मींड सापडते आणि लय गुरूंकडून घ्यावी लागते.

गुरुपरंपरा तुटली, तर चिन्हे वाचत, वाजवून पाहत लय पुन्हा बसवावी लागते. या कामाला ते ‘दापू’ म्हणतात, आणि ग्वान पिंगहू यांची खरी थोरवी मला त्यातच दिसते. १४२५ साली मिंग राजपुत्र चू छ्वान याने प्रसिद्ध केलेल्या संग्रहातील ‘ग्वांगलिंग सान’ ही दीर्घ रचना विसाव्या शतकात कोणाच्याही हातात उरलेली नव्हती. ती त्यांनी कागदावरून पुन्हा वाजती केली. याच रचनेची एक जुनी कथा आहे. तिसऱ्या शतकातील वादक ची खांग याने शिकू इच्छिणाऱ्याला ती दिली नाही, आणि मृत्युदंडाच्या वेळी अखेरची वाजवून, ही आता माझ्याबरोबरच संपली, अशी खंत केली. चिजा दडवून ठेवणाऱ्या बुवांच्या गोष्टी आपल्याकडेही काही कमी नाहीत!

उत्तर २ : पेटीमास्तर (कोल्हापूर)

गुछिन हे मुख्यतः विद्वानांच्या बैठकीतले वाद्य. रस्त्यावरच्या एरहू या गजाने वाजवायच्या वाद्याची कथा वेगळी आहे. एरहूला दोनच तारा असतात, गजाचे केस त्या दोन तारांच्या मधून ओवलेले असतात, आणि बोटाखाली लाकूड नसल्यामुळे तार अधांतरीच दाबावी लागते. वूशी गावचा अंध वादक आबिंग (१८९३–१९५०) याला वाद्ये वाजवायला शिकवले ते त्याच्या ताओपंथी पुजारी वडिलांनी. १९५० मध्ये यांग यिनल्यू आणि त्साओ आनह या संशोधकांनी त्याच्या एरहूवरील तीन आणि पिपा या छेडून वाजवायच्या तंतुवाद्यावरील तीन अशा सहा रचना तार-ध्वनिमुद्रण यंत्रावर मुद्रित केल्या, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो वारला. उशीर काही महिन्यांचा झाला असता, तर त्याचा हात आज कोणालाच ऐकता आला नसता.

विद्यापीठात एरहूला मान मिळवून दिला तो ल्यू त्येनहुआ (१८९५–१९३२) यांनी. पेकिंग विद्यापीठात शिकवताना त्यांनी व्हायोलिनचाही अभ्यास केला, आणि एरहूसाठी दहा स्वतंत्र रचना व सत्तेचाळीस अभ्यासपाठ लिहिले. ३७ व्या वर्षी त्यांना लोहितज्वराने गाठले, तेही लोकवाद्यांचे ठेके गोळा करीत असताना. विद्यालयांच्या शिक्षणाने एकेका हाताची ओळख पुसट झाली, असे माझे मत आहे.

उत्तर ३ : नवा शिष्य

या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. पिपाच्या पुतुंग परंपरेतील लिन शिचेंग यांनी बीजिंगच्या केंद्रीय संगीत विद्यालयात शिकवले, आणि त्यांच्या शिष्या वू मान यांचा पिपा आज जगभर ऐकला जातो. तो ऐकून हात पुसट झाल्याचे कोणी म्हणणार नाही. विद्यालयातही शिकवणारा गुरू समोर बसलेला असतोच की.

तारषड्ज (कोल्हापूर)

सर्वांचे आभार. सारंगीवेडा यांचे उत्तर वाचून काल माझी जुनी वही उघडली. एका गतीखाली गुरुजींनी ‘येथे हात पाहा’ एवढेच लिहून दिलेले आढळले.