मदत हवी आहे: मराठी डेस्कटॉपसाठी कोणता फाँट?

वाचनालयातल्या संगणकांवर ग्नोम ४८ (लिनक्सवरचा डेस्कटॉप) टाकलंय, मेनू सगळे मराठीत. या आवृत्तीत कँटारेल हा आधीचा फाँट जाऊन अद्वैता सान्स आला. तो इंटर या फाँटवर बेतलेला, त्यात देवनागरी नाहीच; मराठी अक्षरं दुसऱ्याच कुठल्या फाँटमधून उचलली जातात. ११ पॉइंटला 'पूर्वीची'मधला रफार वेलांटीत बुडतो. शिवाय ल आणि श हिंदी वळणाचे येतात. जुन्या वाचकांना ते लगेच खटकतात, आणि मलाही.

'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता लावून पाहिला. देवनागरी आणि रोमन एकाच हातचं वाटतं, फार सुरेख! पण ओळीची उंची वाढून बटणं फुगतात. आता नोटो सान्स देवनागरी बघावा म्हणतोय.

तुमच्यापैकी कोणी रोज मराठी डेस्कटॉप वापरतं का? कोणता फाँट, किती पॉइंटला? आणि फाँटकॉन्फिगमध्ये (लिनक्सवर फाँट निवडणारी प्रणाली) फक्त देवनागरीसाठी वेगळा फाँट कसा ठरवायचा?