कोच गेल्यावर संघाचं वळण टिकतं का? तुमचे अनुभव लिहा

मडगावकर (धागाकर्ता)

एफसी गोवा या आपल्या इंडियन सुपर लीगमधल्या (आयएसएल) फुटबॉल क्लबचा कोच बदलला की आमच्या मित्रमंडळीत तोच वाद पेटतो. म्हणून म्हटलं, सगळ्यांना एकदा सविस्तर लिहायला बोलवावं. संघाला एक वळण लागलेलं असतं. गोलकीपरपासून पास देत पुढे यायचं, गोल खाल्ला म्हणून चेंडू लांब भिरकवायचा नाही, गावच्या पोराला चुकायची मुभा द्यायची. कोच गेला की हे सगळं त्याच्याबरोबर जातं, की मागे कोणीतरी ते धरून ठेवतं? क्लब कुठलाही चालेल, पण जे डोळ्यांनी पाहिलंत ते लिहा.

सुरुवात मी करतो. २०१६ च्या मोसमात आपण तळाला होतो. २०१७ मध्ये सर्जिओ लोबेरा कोच म्हणून आले आणि पहिल्याच मोसमात स्ट्रायकर कोरोने १८ गोल केले. २०१९ ला अंतिम सामना, त्याच वर्षी सुपर कप. मग २०२० च्या फेब्रुवारीच्या तोंडावर, संघ गुणतक्त्यात वरच्या टोकाला असताना, लोबेरा गेले. फातोर्ड्याच्या स्टँडमध्ये त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. सूत्रं क्लिफर्ड मिरांडांकडे आली, सोबत डेरिक परेरा. उरलेले सामने संघाने धडाक्यात जिंकले, शेवटचा जमशेदपूरला ५-०. लीग शील्ड (गुणतक्त्यात पहिल्या येणाऱ्या संघाची) आपली झाली आणि आशियातल्या एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत जाणारा पहिला भारतीय क्लब म्हणून गोव्याचं नाव लागलं.

त्या सामन्यांत क्लिफर्डनी नवीन काही आणलं नाही, यातच मला त्यांचं मोठेपण दिसतं. हातात संघ आल्यावर आपला ठसा उमटवायचा मोह किती असतो! त्यांनी घडी मोडली नाही. माझ्या मते वळण टिकलं ते यामुळे.

फातोर्डा ईस्ट

मडगावकर, मला हे पटत नाही. तीन-चार आठवडे टिकलं त्याला टिकलं म्हणायचं का? चेन्नईविरुद्धचा उपांत्य सामना आठवा. तिकडे ४-१ ने हरलो, घरी ४-२ ने जिंकलो, एकूण ५-६. घरचा सामना बघताना छाती भरून आली होती हे खरं, पण पुढच्या उन्हाळ्यात काय झालं? कोरो गेला. बूमूस, जाहू, फॉल आणि मंदार राव देसाई हे चौघे मुंबई सिटीला गेले, जिथे लोबेरा नव्याने रुजू झाले होते.

जाहूचं काम जवळून पाहिलेल्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. गोलकीपरकडे चेंडू आला की हा मिडफिल्डमधून चालत मागे यायचा, दोन्ही सेंटर-बॅकच्या, म्हणजे मधल्या बचावपटूंच्या, मधे उभा राहायचा. ते दोघे फाकायचे, फुलबॅक (कडेचे बचावपटू) वर सरकायचे. समोरच्या स्ट्रायकरला कोणाला धरावं कळायचं नाही, तोवर याचा चाळीस यार्डांचा तिरका पास थेट उजव्या बगलेला पोचलेला असायचा. हे फळ्यावर काढून दाखवता येतं, पण पायात असावं लागतं. ते पाय मुंबईला गेले, वळणही गेलं. मार्च २०२१ मध्ये उपांत्य फेरीत त्याच मुंबईकडून पेनल्टींवर हरलो आणि शेवटची पेनल्टी मारणारा रॉलिन बोर्जेस, तोही गोव्याचाच. कोविडमुळे स्टेडियम रिकामं होतं. घरात टीव्हीसमोर बसून सोसावं लागलं.

म्हापशाची

मी शाळेच्या मुलींना फुटबॉल शिकवते, म्हणून मंदारबद्दल लिहिते. तो आमच्याच बाजूचा. डाव्या बगलेचा विंगर होता. लोबेरांनी त्याला मागे आणून लेफ्ट-बॅक केलं. पंचविशीतल्या खेळाडूला असं मागे ढकललं की बहुतेकांना तो अपमान वाटतो. याने ते काम मन लावून शिकून घेतलं आणि पुढे मुंबईसाठी त्याच जागेवर खेळून शील्ड आणि अंतिम सामन्याची ट्रॉफी दोन्ही जिंकली.

आता माझा अनुभव. त्या वर्षांत आमच्या मैदानावर मुली आपणहून मागे खेळायला तयार व्हायच्या. आधी सगळ्यांना पुढेच खेळायचं असायचं, बॅकला उभं केलं की डोळ्यांत पाणी. एक विंगर मुलगी मला म्हणाली, ‘टीचर, मला मंदारसारखं मागून धावत यायचंय.’ लोबेरा गेले, मंदार गेला, तरी ही हौस गेलेली नाही. आज जी मुलगी लेफ्ट-बॅकला खेळते तिने लोबेरांचं नावही ऐकलेलं नसेल. ती तिच्या ताईचं बघून शिकली. तेव्हा फातोर्डा ईस्ट, पाय मुंबईला गेले हे मान्य, पण सगळं काही गेलं असं म्हणू नका.

कुपरेजवाला

डेरिक परेरांचं नाव निघालं म्हणून लिहितो. मी महिंद्र युनायटेडचा माणूस. २००५-०६ ची नॅशनल लीग आम्ही डेरिक यांच्याच हाताखाली जिंकली. कुपरेजच्या स्टँडमध्ये ऑफिस सुटल्यावर येणारे, रेल्वेचे, बँकेचे, माटुंग्याचे, वांद्र्याचे असे सगळे खांद्याला खांदा लावून बसायचे.

तुम्ही कोच गेल्यावरची गोष्ट करताय. आमचा क्लबच २०१० मध्ये बंद झाला. मैदानावर रोज येणारी माणसं, किटबॅगा सांभाळणारे, मसाज करणारे, कनिष्ठ संघाची पोरं, सगळे एका मोसमात पांगले. त्या संघाची शिस्त भारी होती, बचावाची रांग कधी तुटायची नाही. ती शिस्त आता कोणत्या संघात बघायची? मला हे आजही लागतं.

बालेवाडीकर

कुपरेजवाला काका, तुमची ती शिस्त थोडीफार आमच्याकडे आली होती! महिंद्र बंद झाल्यावर डेरिक सर पुणे एफसीकडे आले. २०१२-१३ ला आम्ही आय-लीगमध्ये (जुन्या नॅशनल लीगच्या जागी आलेली) दुसरे आलो, फक्त चर्चिल ब्रदर्स पुढे होते. तुम्ही म्हणता ती न तुटणारी रांग मी बालेवाडीत पाहिली आहे. मुंबई-बंगळूरु महामार्गालगतचं ते एवढं मोठं स्टेडियम, त्यात आम्ही मोजके लोक. त्यामुळे सेंटर-बॅकने ‘वर या, वर या’ म्हणून दिलेली हाक थेट आमच्यापर्यंत ऐकू यायची.

२०१३ मध्ये ते गेले, मग डच कोच आले, त्यांच्यानंतर करीम बेंचरिफा. तिघांचा खेळ वेगळा. पण अकादमीतली पोरं जेवायला, सरावाला, जिमला मोठ्या संघाबरोबरच असायची, त्यामुळे रोजच्या सवयी बदलल्या नव्हत्या. २०१५ नंतर तो संघही उरला नाही. तोवर तरी कोच बदलल्याने आमचं काही मोडलं नव्हतं हे मी ठामपणे सांगू शकतो. मोडलं ते पैसे थांबल्यावर.

डेंपोप्रेमी

तुम्ही सगळे अलीकडचं लिहिताय. वळण म्हणजे काय ते बघायचं असेल तर आर्मांदो कोलासोंचा डेंपो आठवा. पाच राष्ट्रीय विजेतेपदं, त्यातली दोन जुन्या नॅशनल लीगची, तीन आय-लीगची. रांती मार्टिन्स आणि बेटो हे परदेशी होते, पण संघाचा कणा गोव्याचा. समीर नाईक, महेश गवळी, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा, अँथनी परेरा. वर्षानुवर्षं हीच नावं. चेंडू जमिनीवर ठेवायचा, एका-दोन स्पर्शांत पुढे द्यायचा. आम्ही बापलेक मॅच बघून बसने घरी येताना पास कुठून कुठे गेला ते बोटाने सीटवर काढत यायचो.

२०१३ मध्ये आर्मांदो गेले. तेरा वर्षांनी. पुढच्या दोन मोसमांत संघ खाली घसरला तो थेट आय-लीगच्या बाहेर. दुसऱ्या श्रेणीत जिंकून परत यायची पात्रता मिळवली, पण २०१६ मध्ये डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिन्ही गोव्याच्या क्लबांनी राष्ट्रीय लीगमधूनच अंग काढून घेतलं. म्हणजे बघा, आर्मांदो गेल्यावर डेंपो कोसळला असं लोक सहज म्हणतात. मला ते पुरतं खरं वाटत नाही. तोवर आयएसएल आलं होतं, खेळाडूंची ओढ तिकडे होती, जुन्या क्लबांना पुढे जागा काय राहणार हेच कळत नव्हतं. हा सगळा भार एका माणसाच्या जाण्यावर टाकणं अन्यायाचं आहे.

आणि मडगावकर, तुमच्या क्लिफर्डनी २०२० मध्ये घडी मोडली नाही म्हणता ना, ते आर्मांदोंच्या हाताखालीच मोठे झाले. एका संघात इतकी वर्षं राहून आल्यामुळे चालतं गाडं कसं धरायचं हे त्यांना ठाऊक होतं. पुढे २०२३ मध्ये ओडिशाला सुपर कप जिंकून दिला तोही असाच, मधेच हातात आलेला संघ घेऊन. आपला डेंपो २०२४-२५ ला आय-लीगमध्ये परतला तेव्हा कोच कोण होते? समीर नाईक. मधल्या काळात क्लबने पोरांचे संघ चालू ठेवले होते, म्हणून परतायला काहीतरी उरलं होतं.

अंधेरीकर

मुंबई सिटीकडून मी लिहितो, कारण आमच्याकडे कोच टिकतच नाहीत तरी ट्रॉफ्या येतात. लोबेरांनी २०२०-२१ ला दोन्ही जिंकून दिल्या आणि गेले. डेस बकिंगहॅम आले. त्यांच्या काळात रियाधमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ ने हरवलं, एएफसी चॅम्पियन्स लीगमधला भारतीय क्लबचा पहिला विजय. २०२२-२३ ची शील्डही आली. नोव्हेंबर २०२३ मध्ये, मोसम चालू असताना, ते इंग्लंडला ऑक्सफर्ड युनायटेडकडे गेले. जानेवारीत आमचा खेळाडू ग्रेग स्ट्युअर्टही गेला. स्टँडमध्ये आम्ही म्हणत होतो, झालं, हा मोसम हातचा गेला.

नवे कोच पीटर क्रॅटकी आले ते सिटी ग्रुपच्याच (तेव्हा आमच्या क्लबचे मालक) मेलबर्नच्या क्लबमधून. त्यांना आमचा खेळ नव्याने समजावून घ्यावा लागला नाही. मग २४ एप्रिल २०२४, फातोर्डा, गोव्याशी उपांत्य सामना. गोवेकरांची माफी मागून सांगतो, नव्वदाव्या मिनिटापर्यंत आम्ही ०-२ ने मागे होतो. छांगटे, विक्रम, पुन्हा छांगटे, आणि ३-२! एवढा वेळ मागे असूनही संघ पास देतच खेळत होता, घाईने चेंडू पेटीत फेकणं नाही. ४ मे ला कोलकात्यात मोहन बागानविरुद्धच्या फायनलमध्ये मध्यंतराला पुन्हा मागे, पुन्हा जिंकलो, ३-१. ट्रॉफी उचलणारा कर्णधार राहुल भेके, मुंबईचा पोरगा, ज्याने २०१९ च्या फायनलमध्ये बंगळूरुकडून खेळताना आमच्याच अंधेरीच्या मैदानावर गोव्याला हरवलं होतं. कोच वरून ठरलेल्या पठडीत बसणारा निवडला तर वळण टिकतं, हा माझा अनुभव.

मँचेस्टरवासी

मी मूळचा नाशिकचा, बरीच वर्षं इथे आहे. ८ मे २०१३ ला मँचेस्टर युनायटेडच्या फर्ग्युसननी निवृत्ती जाहीर केली तेव्हा ऑफिसमध्ये लोकांनी कामं बाजूला ठेवली होती. २६ वर्षं आणि १३ लीग विजेतेपदं. शेवटच्या घरच्या सामन्यात त्यांनी मायक्रोफोन घेऊन बजावलं, आता नव्या मॅनेजरच्या पाठीशी उभं राहणं हे तुमचं काम. लोक उभेही राहिले.

पण त्याच उन्हाळ्यात मुख्य कार्यकारी डेव्हिड गिल गेले. नवे मॅनेजर मॉइझ आपली माणसं घेऊन आले, म्हणून फेलन, म्यूलेन्स्टीन, गोलकीपिंगचे एरिक स्टील हे जुने सहायकही गेले. खेळाडू तेच, महिन्यांपूर्वी लीग जिंकलेले. फेब्रुवारी २०१४ मध्ये फुलहॅमविरुद्ध ८० हून जास्त क्रॉस मारले आणि सामना २-२. बाजूच्या खुर्चीवरचे आजोबा हताश होऊन नुसते मान हलवत होते. एप्रिलमध्ये मॉइझ गेले, संघ सातवा आला. अंधेरीकरांचं म्हणणं मला यामुळेच पटतं. आमच्याकडे वरचं माणूस, मधली माणसं आणि खालची माणसं एकदमच बदलली, धागा धरायला कोणी उरलं नाही.

शेजारच्या लिव्हरपूलचं कौतुक करणं माझ्या जिवावर येतं, पण करतो. क्लॉपनी २६ जानेवारी २०२४ लाच सांगून टाकलं की मोसमाअखेर जाणार. शेवटच्या सामन्यात त्यांनी स्वतः पुढच्या कोचच्या नावाचं गाणं प्रेक्षकांकडून म्हणवून घेतलं. त्या नव्या कोचनी, स्लॉटनी, त्या उन्हाळ्यात मोठी खरेदी केली नाही, जवळपास तोच संघ घेतला, खेळ जरा शांत केला, आणि २७ एप्रिल २०२५ ला चार सामने राखून लीग जिंकली.

फातोर्डा ईस्ट

सगळं वाचलं. म्हापशाच्या ताईंचं वाचून मी माझं म्हणणं थोडं सैल करतो, पण सोडत नाही. जुना माणूस परत आणला की वळण परत येतं असं डेंपोप्रेमींच्या लिहिण्यातून वाटू शकतं, म्हणून एक आठवण करून देतो. कार्लोस पेन्या लोबेरांच्या संघातला सेंटर-बॅक, २०२२ मध्ये तोच आपला मुख्य कोच झाला. तो खेळ आतून ओळखणारा त्याच्यासारखा दुसरा नव्हता. तरी त्या मोसमात प्लेऑफ हुकला. मानोलो मार्केझ बाहेरून आले आणि त्यांनी २०२५ ला सुपर कप आणला, जमशेदपूरला ३-० ने हरवून.

अंधेरीकर, त्या २४ एप्रिलच्या रात्री मी स्टँडमध्येच होतो, माफीची गरज नाही. जास्तीच्या वेळेत आपले खेळाडू चेंडू पायाशी ठेवायच्या ऐवजी बाहेर मारायला लागले, तिथे सामना गेला. यापुढे कोच बदलला की मी नव्या कोचची पत्रकार परिषद ऐकण्यात वेळ घालवणार नाही. गोलकीपरांचा कोच तोच आहे का, जुन्या खेळाडूंच्या बाजूला सरावाला कोण पळतंय, आणि राखीव संघातल्या किती पोरांना पहिल्या महिन्यात बाकावर जागा मिळते, तेवढं बघेन. मडगावकर, राखीव संघाचे सामने असतील तेव्हा इथे लिहा, मी येतो.